दिवंगताचा कॅमेरा

ज्या वस्तूला दहा वर्षांपूर्वी कुत्रं हुंगत नव्हतं, तिच्यासाठी आता माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातात, आणि वर तोंडानं सांगतात की पैशाचं काही नाही हो, हौस आहे. या हौसेचा थांबाकाकांना तीन आठवड्यांत पुरता वीट आला होता. जुने रोलचे कॅमेरे विकणाऱ्यांची दारं त्यांनी झिजवली होती आणि प्रत्येक दारात तेच दिसलं होतं: काचेचं कपाट, कपाटात पिवळा दिवा, दिव्याखाली मेण चोळून चकचकीत केलेलं कातडं, आणि कातड्याच्या आत बुरशी.

बुरशी म्हणजे खरीच बुरशी. कॅमेरा वर्षानुवर्षं दमट कपाटात पडून राहिला की लेन्सच्या काचेला आतून पांढरे तंतू धरतात, शिळ्या पावाला धरतात तसे. थांबाकाका लेन्स उजेडासमोर धरायचे आणि नाक मुरडायचे. विकणारा म्हणायचा, "तेवढ्यानं फोटोत काही फरक पडत नाही."

"आणि भावात?"

"भावात तर मुळीच नाही."

थांबाकाका हे काही त्यांचं खरं नाव नाही. पस्तीस वर्षं फोटो काढताना बटण दाबण्याआधी ते "थांबा" असं इतक्या जोरात म्हणायचे की पाळण्यातलं पोरही श्वास रोखून धरायचं. नाव पडलं ते पडलं. आता वय बासष्ट. स्टुडिओ कधीच बंद झालेला, लग्नाला कुणी बोलावत नाही. ओळखपत्राला लागणारे छोटे फोटो आणि फाटक्या फोटोंच्या नव्या प्रती, एवढंच काम उरलेलं, तेही एका इमारतीच्या जिन्याखालच्या खोलीत, जिथे उभं राहिलं की डोक्याला पायऱ्या लागतात. स्वभाव मुळातच तिखट, त्यात ही खोली. सकाळी शेजारच्या दुकानदारानं "काय काका, बरं आहे ना?" विचारलं तर "बरं असायला काय झालंय बरं?" असा उलट प्रश्न यायचा.

त्यांना हवा होता तो दोन डोळ्यांचा कॅमेरा. पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि विहिरीत डोकवावं तसं खाली बघायचं. त्याला एकशेवीसचा रोल लागतो आणि एका रोलवर चौकोनी बारा फोटो येतात. बारा म्हणजे बारा, तेरावा नाही. आणि हा कॅमेरा हौसेसाठी नको होता. तो मिळाला नसता तर थांबाकाकांना येत्या शनिवारी आपल्या बहिणीला तोंड दाखवता आलं नसतं.

ही बहीण त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, वडील असून नसल्यासारखे, तेव्हा ताईनंच यांना वाढवलं. ती सतराव्या वर्षी वह्या-रजिस्टरं बांधण्याच्या कारखान्यात लागली आणि अजून तिथेच होती. रिटायर हो म्हणून मालकानं तीनदा सांगितलं. प्रत्येक वेळी आठ दिवसांनी त्यानंच निरोप पाठवला की ताई, जाड रजिस्टरांची शिलाई कुणाला जमेना, या. कारखान्यात बारा बायका. लांब टेबलं, दुमडलेल्या कागदांच्या थप्प्या, खळीची भांडी आणि सगळीकडे कागदाची कातरण, चपलेला चिकटून घरापर्यंत येणारी.

भावाला फोटोग्राफीचं वेड लागलं तेव्हा ताईनं वर्षभर जादा पाळ्या केल्या आणि तो दोन डोळ्यांचा कॅमेरा घेऊन दिला. तेव्हाही सेकंडहँडच होता. वरच्या झाकणाचं कातडं निघालेलं होतं, तर तिनं तिथे रजिस्टराला लावतात ते मरून रंगाचं कापड कापून चिकटवलं, कोपरे पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखे दुमडून. पट्टा तुटका होता, तो मेणाच्या दोऱ्यानं शिवला. "आता हा कॅमेरा कमी आणि हिशेबाची वही जास्त दिसतोय," असं भाऊ म्हणाला आणि त्याबद्दल टप्पल खाल्ली.

त्या वर्षापासून एक रीत पडली. वर्षातून एकदा थांबाकाका कारखान्याच्या मागच्या अंगणात एक रोल घेऊन जायचे. बायका बारा, फोटो बारा. मध्ये एक स्टूल. प्रत्येक फोटोत सगळ्या जणी असायच्या, पण स्टुलावर बसायची ती दर वेळी वेगळी, आणि तो फोटो तिचा. त्या दिवशी कुणी कुणाच्या पुढेमागे नसायचं. मुकादमीण असो की कालची आलेली पोरगी, एकदा बसायचं आणि अकरा वेळा उभं राहायचं. ताईचा नंबर कायम शेवटचा, बारावा. कुणी म्हातारी होऊन गेली की दुसरी यायची, पण बाराचा आकडा मोडला नाही.

मग डिजिटल आलं. रोल मिळेनात, मिळाले तर धुऊन देणारा मिळेना. थांबाकाकांनी नवा डिजिटल कॅमेरा घेताना पैसे कमी पडले म्हणून तो दोन डोळ्यांचा चार हजारांना विकून टाकला. घेणारा जुन्या वस्तूंचा दुकानदार. तो म्हणाला होता, "काका, मी याला वजनावर घेतोय असं समजा." तेही त्यांनी ऐकून घेतलं. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ताईंना तुमचं तुम्ही सांगा, मी नाही." ताईला त्यांनी सांगितलं की रोल मिळत नाहीत म्हणून यंदा नव्यानं काढतो, जुना कपाटात आहे, मऊ कापडात गुंडाळून. ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. ताई अधूनमधून विचारायची, "त्याला ऊन दाखवतोस ना रे? नाहीतर कुजेल." आणि हे म्हणायचे, "दाखवतो की."

आता मालकानं जागा विकली होती. येत्या शनिवारी कारखान्याचा शेवटचा दिवस. ताईनं निरोप दिला, "दहाच जणी उरलोय, पण रिटायर झालेल्या दोघींना बोलावलंय, म्हणजे बारा होतात. आणि हे बघ, रोल पुन्हा मिळायला लागलेत असं मालकाची मुलगी सांगत होती. शेवटचा आहे, तर जुन्यानंच काढ."

तर अशी ही हौस.

पहिला विकणारा एक तरुण होता, नखं रंगवलेला, घरभर कुंड्या. फोनवर म्हणाला, कॅमेरा एकदम कोरा आहे, पण आधी निम्मे पैसे पाठवा, मग दाखवतो. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल. थांबाकाका तरी गेले. ऐंशी हजार, तो म्हणाला. त्याच्या हातातला कॅमेरा पाहून ते म्हणाले, "याचं शटर अडकलंय."

"ते जुन्या कॅमेऱ्यांचं कॅरेक्टर असतं काका."

"म्हणजे फोटो येत नाही."

"बघा ना, घेणारे बहुतेक जण फोटो काढतच नाहीत." हे त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नाही, गुण म्हणून सांगितलं. चार दिवसांनी पुन्हा फोन केला तर ऐंशीचे पंच्याण्णव झाले होते. का, तर मंगळवारी कुणा नटानं असाच कॅमेरा गळ्यात अडकवून स्वतःचा फोटो काढून घेतला होता. तोही मोबाईलवर.

दुसऱ्या घरी एक मध्यमवयीन गृहस्थ वडिलांचा कॅमेरा विकत होते. त्यांनी दारातच ओठांवर बोट ठेवलं. वडील आतल्या खोलीत रेडिओ ऐकत बसले होते आणि त्यांना अजून सांगितलेलं नव्हतं. "विचारलं तर दुरुस्तीला दिलाय म्हणेन," असं ते गृहस्थ हळू आवाजात म्हणाले आणि हसले, जणू दोघं मिळून एखाद्या पोराची गंमत करताहेत. थांबाकाकांना इतकी शिसारी आली की ते भाव न विचारताच जिना उतरले. खाली आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण त्या माणसाला मनातल्या मनात दिलेली प्रत्येक शिवी आपल्याच मापाची आहे. हे लक्षात आल्यानं राग कमी झाला नाही, उलट दुप्पट झाला.

शेवटी गुरुवारी दुपारी ते त्या जुन्या दुकानदाराकडे गेले. तेव्हा त्याचं दुकान म्हणजे मोडके पंखे आणि बाजाच्या पेट्या. आता दारावर काळ्या काचा, आत गारवा, आणि खुद्द दुकानदार केस मागे बांधून बसलेला. लोक त्याला शेठ म्हणायला लागले होते आणि त्यालाही ते पटलं होतं. समोरच्या भिंतीत एक काचेची पेटी होती आणि तिच्यात एकच कॅमेरा.

मरून कापड त्यांना दारातूनच दिसलं.

जवळ गेले. तेच दुमडलेले कोपरे, तोच मेणाचा दोरा. कॅमेऱ्याच्या बाजूला एक जुना फोटो टेकवून ठेवलेला: अंगणात बारा बायका, मध्ये स्टुलावर ताई, हात मांडीवर. कॅमेऱ्याच्या पिशवीच्या कप्प्यात तो राहून गेला असणार. फोटोच्या मागचा स्टुडिओचा शिक्का वाचूनच पुढचं कार्ड लिहिलं होतं. जाड कागदावर, सोनेरी अक्षरात थांबाकाकांचं पूर्ण नाव, आणि नावाच्या आधी ‘दिवंगत’. खाली लिहिलं होतं की या उपेक्षित कलावंतानं आयुष्यभर याच एका कॅमेऱ्यावर श्रमिक स्त्रियांचं जीवन टिपलं आणि अखेरच्या श्वासापर्यंत तो हातातून सोडला नाही. किंमत एक लाख चाळीस हजार.

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते असं.

"शेठ," थांबाकाका म्हणाले, "मी कधी मेलो?"

दुकानदारानं वर पाहिलं, क्षणभर ओळख लागली नाही, मग लागली. पण माणूस बेरड. त्याचा चेहरा पडला नाही की लाजला नाही. "अरे, काका," तो म्हणाला, "तुम्हाला बघून खरंच बरं वाटलं. बसा. जरा हळू बोला फक्त, चार वाजता गिऱ्हाईक येतंय."

"हे काय लिहिलंय?"

"काका, नुसत्या कॅमेऱ्याला आज नव्वद मिळतात. माणसामुळे वरचे पन्नास. आणि जिवंत माणसाला कोण विचारतो? तुम्हीच सांगा, तुम्हाला विचारतंय का कोणी?"

थांबाकाकांनी खिशातले पैसे काढून दाखवले: होते नव्हते ते बावीस हजार. शेठनं पैशांकडे पाहिलंही नाही. मग त्यांनी शनिवारचं सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितलं: बहीण, कारखाना, बारा बायका, सगळं.

शेठ ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा खुलत गेला. "मग जमलं की," तो म्हणाला. "गिऱ्हाईक दातांचा डॉक्टर आहे. त्याला खात्री हवीय, घरचं कुणी भेटेल का म्हणून दोनदा विचारलं त्यानं. तुम्ही गेलेल्यांचे धाकटे भाऊ. चार शब्द बोला. तो आज पैसे देईल, कॅमेरा सोमवारी नेईल. मधले तीन दिवस कॅमेरा तुमचा, शनिवारी काढा काय काढायचे ते. तुमचा डिजिटल माझ्याकडे ठेवून जा, म्हणजे मलाही घोर नाही."

माणसानं अशा वेळी कार्ड फाडून टाकावं आणि चालू लागावं. थांबाकाकांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, पावणेचार झाले होते, आणि ते खुर्चीत बसले.

डॉक्टर चार वाजून पाच मिनिटांनी आला. गोरागोमटा, मऊ बोलणारा, हातांना औषधी साबणाचा वास. शेठनं ओळख करून दिली, "हे यांचे भाऊ." डॉक्टरनं थांबाकाकांचा हात दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटून मान हलवली. सांत्वन चाललं होतं. थांबाकाकांना आयुष्यात कुणी इतक्या मायेनं हात लावला नव्हता, आणि त्यासाठी मरावं लागलं होतं.

"कसे होते हो ते?" डॉक्टरनं विचारलं.

"तापट," थांबाकाका म्हणाले. "कुणाशी पटायचं नाही."

"कलावंत," डॉक्टर शेठकडे बघून म्हणाला.

"कलावंत कसला. पोटापुरतं काम यायचं. अहंकार मात्र भरपूर."

जितकं वाईट बोलावं तितका डॉक्टर खूश होत गेला. शेठ टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावून पुढे चला म्हणून सुचवत होता. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही; थांबाकाकांनी स्वतःला आळशी म्हटलं, खोटारडा म्हटलं, आणि ते ऐकून डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणि हा कॅमेरा त्यांनी कधीच विकला नाही ना?"

"नाही," ते म्हणाले. "मरेपर्यंत नाही." अकरा वर्षं घोकलेलं वाक्य होतं, सहज आलं.

डॉक्टरनं कॅमेरा हातात घेतला तो उलटा. झाकण कुठून उघडतं ते त्याला सापडेना. तो म्हणाला की दवाखान्यात पेशंट बसतात तिथे एक कोनाडा करून घेतलाय, वर दिवा, तिथे हा शोभेल. रोल वगैरे घालायचा विचार नाही, उगाच खराब व्हायचा. मग त्यानं मरून कापडावर नख फिरवलं. "हे तेवढं चांगलं दिसत नाही. कुणीतरी काहीतरी चिकटवलंय. इथे मूळचं कातडं बसवून मिळेल का?"

"सोमवारपर्यंत बसवतो," शेठ म्हणाला.

"आणि हा फोटोही येणार ना बरोबर?" डॉक्टरनं बायकांचा फोटो उचलला. स्टुलावरच्या ताईवर बोट ठेवून त्यानं थांबाकाकांना विचारलं, "या कोण?"

शेठचा पाय पुन्हा लागला, पण त्याची गरज नव्हती.

"माहीत नाही," थांबाकाका म्हणाले. "त्याच्या ओळखीची असेल कुणी."

त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी दोनदा तोंड धुतलं. जेवले नाहीत. बायकोनं विचारलं, "मिळाला का?" तर म्हणाले, "मिळाला." तिनं मरून कापड पाहिलं आणि यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ताट झाकून ठेवलं. शुक्रवारी त्यांनी एकशेवीसचा एक रोल घेतला. पूर्वी त्या पैशात असे वीस आले असते.

शनिवारी अंगणात ऊन छान होतं. आतली टेबलं विकली गेली होती, त्यांचे पाय जिथे होते तिथे फरशीवर खळीचे गोल डाग राहिले होते. बायका नटून आल्या होत्या. रिटायर झालेल्या दोघींपैकी एकीला तिचा जावई हाताला धरून घेऊन आला होता. ताईनं कॅमेरा पाहिला, हसली आणि बाकीच्यांना म्हणाली, "बघा, म्हटलं नव्हतं?"

थांबाकाकांना वाटलं होतं की हात विसरले असतील. हात काही विसरले नव्हते. रोल बसला, झाकण उघडलं, आणि काचेवर अंगण उतरलं, डाव्याचं उजवं झालेलं, बारा बायका आणि एक स्टूल. पहिला फोटो, दुसरा, तिसरा. ते "थांबा" म्हणत होते आणि बायका हसायचं थांबत नव्हत्या. सातव्या फोटोपर्यंत त्यांना दोन दिवसांत पहिल्यांदाच कशाचीही शिसारी आली नाही. अकरावा झाला. आता ताईचा.

ताई स्टुलाकडे जाता जाता त्यांच्यापाशी थांबली. झाकणाच्या कापडाचा एक कोपरा सुटला होता, डॉक्टरनं नख फिरवलं होतं तिथेच. "अरे, हे निघालंय की," ती म्हणाली. "दे इकडे. आत थोडी खळ उरलीय, दोन मिनिटांत चिकटवते."

"राहू दे ताई."

"राहू दे काय? आज कोपरा सुटलाय, उद्या सगळं उखडेल."

"राहू दे म्हणतो ना."

पण ती आत जाऊन खळीचं भांडं घेऊन आलीसुद्धा. बोटावर खळ घेतली, कापडाखाली सारली, आणि अंगठ्यानं दाबत कोपरा बसवू लागली. सांध्यांना सूज, नखं झिजलेली. थांबाकाका बघत राहिले. मग त्यांना ते बघवेना.

"कशाला एवढं करतेस," ते वैतागून म्हणाले. "सोमवारी काढूनच टाकणारेत ते."

ताईचा अंगठा थांबला. "कोण?"

जीभ घसरली ती घसरली. बायका थोड्या अंतरावर उभ्या होत्या, तरी त्यांनी आवाज खाली आणला आणि सांगून टाकलं. अकरा वर्षांपूर्वीचे चार हजार सांगितले, शेठ सांगितला, दातांचा डॉक्टर सांगितला, कार्डावर काय लिहिलंय आणि त्याच्याशेजारी तिचा स्टुलावरचा फोटो ठेवलाय तेही सांगितलं. आपण भाऊ झालो हेही सांगितलं. फक्त तिच्या फोटोवर बोट ठेवून डॉक्टरनं काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, तेवढं सांगायला त्यांची जीभ वळली नाही.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. कापडाचा कोपरा तोवर चिकटला होता. तो तिनं पुन्हा एकदा दाबून पाहिला, सवयीनं.

"म्हणजे मी ऊन दाखव म्हणायचे," ती म्हणाली, "तेव्हा तू हो म्हणायचास."

"हो."

"अडचण होती तर तेव्हाच सांगायचं. मी काय खाल्लं असतं तुला?"

त्यांनी पट्ट्याचा मेणाचा दोरा चाचपला.

"आणि आता तू मेलास."

"ते त्या शेठनं लिहिलंय, ताई. मी नाही."

"पण तू खुर्चीत बसलास ना." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यांना परवडला असता. तिच्या रागाशी कसं वागायचं ते त्यांना लहानपणापासून येत होतं. चपलेखाली काही आलं की माणूस तोंड करतो, तसं तोंड तिनं केलं होतं, आणि ते पुसायचा प्रयत्नही केला नव्हता.

तिकडून मुकादमीण ओरडली, "ताई, बसा ना लवकर, ऊन सरकतंय."

"माझा नको," ताई म्हणाली. पदराला हात पुसले आणि कॅमेरा त्यांच्या हातातून काढून घेतला. "जा, तू बस."

"मी? ताई, हा तुझा नंबर आहे. शेवटचा आहे."

"एकच उरलाय ना? मग तू बस. मेलेल्या माणसाचा एक फोटो लागतो. त्या डॉक्टरकडे माझा कशाला लावायचा, तुझा लावू दे."

बायकांना काय चाललंय ते कळेना. कुणीतरी हसली. थांबाकाका अंगणाच्या मधोमध गेले आणि स्टुलावर बसले. त्यांच्या मागे अकरा जणी उभ्या राहिल्या. पस्तीस वर्षांत ते या बाजूला कधी आले नव्हते. हात कुठे ठेवायचे ते त्यांना समजेना.

ताईनं कॅमेरा पोटाशी धरला आणि खाली पाहिलं. "नीट दिसत नाही. धूसर आहे सगळं."

"बाजूचं चाक फिरव. हळू."

"हं. आता दिसलास." ती थोडी सरकली, पुन्हा सरकली. "मी इकडे जाते तर तू तिकडे जातोस."

"त्यात उलटंच दिसतं ताई. सवय लागते."

"मला कशाला लागायचीय सवय," ती म्हणाली. "समोर बघ."

त्यांनी समोर पाहिलं. ताईची मान खाली होती, तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसता पांढरा भांग दिसत होता. ती बराच वेळ तशीच खाली बघत उभी राहिली. मग बटण दाबल्याचा बारीक आवाज झाला. झाकण कसं मिटतं ते तिला माहीत नव्हतं, म्हणून तिनं कॅमेरा तसाच उघडा त्यांच्या मांडीवर आणून ठेवला.

"झाला," ती म्हणाली. "जा आता, देऊन ये त्यांना."